भाषणकला सक्तीची करावी का? आधी तुकडीत किती जण, ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठात सगळ्या शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांना भाषणकलेचा दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) विषय सक्तीचा करावा, असा प्रस्ताव आला आहे. प्रश्नकर्ते अभ्यास मंडळावर आहेत आणि त्यांना मत द्यायचं आहे. त्यांच्या दोन शंका आहेत. बुजऱ्या मुलांना बळजबरीने उभं करणं कितपत बरोबर? आणि विषय ऐच्छिक ठेवला तर बिघडलं कुठं?

माझं मत सक्तीच्या बाजूने आहे. फक्त सक्ती ‘विषया’ची नको, बोलण्याची हवी. प्रत्येक विद्यार्थी एका सत्रात किमान चार वेळा, खऱ्या श्रोत्यांसमोर, उभा राहून बोलला पाहिजे आणि प्रत्येक वेळी त्याला उपयोगी पडेल असा अभिप्राय मिळाला पाहिजे. हे जमणार नसेल तर प्रस्ताव नामंजूर करा. अर्धवट केलेली सक्ती ही काहीच न करण्यापेक्षा वाईट असते. का, ते पुढे येईलच.

आधी ऐच्छिकचं बघू. असा विषय ऐच्छिक ठेवला की नाव कोण नोंदवतं? जे आधीच सभाधीट आहेत ते. ज्याला चार लोकांत बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो, तो यादीतलं हे नाव वाचून लगेच पुढच्या ओळीवर जातो. तेवढ्यापुरतं त्याला बरं वाटतं, आणि खरी गोम त्या बरं वाटण्यातच आहे. टाळलं की भीती क्षणात उतरते, म्हणून पुढच्या वेळी टाळायची ओढ आणखी वाढते. मग तो गटप्रकल्पात ‘मी लिहायचं बघतो’ म्हणतो, चर्चासत्राला मागच्या रांगेत बसतो, तोंडी परीक्षेऐवजी लेखी पर्याय असेल तर तो घेतो. तीन वर्षांत त्याची एक सलग पद्धत तयार होते. निवड त्याच्यावर सोपवली तर ज्याला गरज सर्वांत जास्त, तोच बाहेर राहतो. सक्तीच्या बाजूचं मला पटणारं कारण हे एवढंच. ‘नोकरीत उपयोग होतो’ हे खरं असलं तरी उपयोग होणाऱ्या पन्नास गोष्टी आहेत आणि त्या सगळ्या आपण सक्तीच्या करत नाही.

आता विरोधातलं सर्वांत वजनदार कारण. ते समजायला मानसशास्त्रातली एक चाचणी माहीत असलेली बरी. १९९३मध्ये जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत माणसावर खात्रीने ताण आणण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. माणसाला थोडा वेळ तयारीला द्यायचा, मग परीक्षकांसमोर उभं करून बोलायला लावायचं, पाठोपाठ तोंडी गणित करायला लावायचं. परीक्षकांनी हसायचं नाही, मान डोलवायची नाही, चेहरा कोरा ठेवायचा. एवढ्याने बहुतेकांच्या शरीरातलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक चांगलंच वाढतं. ही पद्धत आजही जगभर वापरली जाते. आता वाईट चालवलेला भाषणकलेचा तास डोळ्यांसमोर आणा. समोर कोरे चेहरे, शिक्षक मान खाली घालून तक्त्यात गुण भरताहेत, बोलणाऱ्याला काय चुकलं ते कळत नाही आणि पुन्हा संधी मिळत नाही. नकळत आपण तीच चाचणी घेत असतो, फक्त ती अभ्यासक्रमाच्या नावाखाली.

भीती कमी होते ती पुन्हापुन्हा सामोरं गेल्याने, हे खरं. पण त्यामागची यंत्रणा नेमकी आहे. ‘आपली बोलती बंद होणार, सगळे हसणार’ अशी माणसाची अपेक्षा असते. तो उभा राहतो, अडखळतो, तरी तसं काही घडत नाही. ही अपेक्षा खोटी ठरण्यातून भीती ओसरते. बोलताना धडधड सर्वांत जास्त असते ती उठण्याच्या आधी आणि पहिल्या मिनिटात. त्यानंतर बहुतेकांची ती उतरायला लागते. म्हणून एखादी मुलगी चाळीसाव्या सेकंदाला अडकून ‘सॉरी’ म्हणत जागेवर जाऊन बसली, तर ती भीतीच्या शिखरावरून परत गेलेली असते. तिने शिकलेला धडा असा: पळालं की सुटका होते. अशा वेळी शिक्षकाने ‘ठीक आहे, बस’ म्हणणं दयाळूपणाचं वाटतं, पण ते नुकसान करतं. पाणी घ्यायला सांगावं, टाचणातला पुढचा मुद्दा शांतपणे वाचायला सांगावा आणि निदान दोन वाक्यं बोलून मगच खाली बसू द्यावं. दोनच वाक्यं चालतील, पण शेवट तिच्या बोलण्याने व्हायला हवा.

यावरून हिशेब सरळ निघतो. एकदाच उभं केलं तर फायदा नाही, धोका आहे. चार वेळा उभं करायचं तर वेळ लागतो. आणि इथे बहुतेक प्रस्ताव आपटतात, कारण गणित कोणी मांडलेलंच नसतं. मांडून बघू.

चार मिनिटांचं भाषण. एक मिनिट माणूस येण्या-जाण्यात. एक मिनिट श्रोत्यांनी चिठ्ठी लिहिण्यात (चिठ्ठीचं पुढे सांगतो). दोन मिनिटं शिक्षकांच्या तोंडी अभिप्रायात. म्हणजे माणशी आठ मिनिटं. साठ मिनिटांच्या तासाला सहा वक्ते झाले की ४८ मिनिटं गेली, उरलेल्या बारा मिनिटांत शिकवणं आणि हजेरी. सहापेक्षा जास्त वक्ते एका तासाला घेऊ नयेत. सातव्यापासून श्रोते नुसते बसलेले असतात, ऐकत नसतात, आणि त्याचा फटका बिचाऱ्या सातव्याला बसतो.

दोन श्रेयांक म्हणजे साधारण १५ आठवडे, आठवड्याला दोन तास, एकूण ३० तास. तुकडी ६० जणांची असेल तर एका फेरीला दहा तास लागतात. चार फेऱ्यांना चाळीस. तासच तीस! तीन फेऱ्या केल्या तरी शिकवायला एक मिनिट उरत नाही. तुकडी २४ जणांची असेल तर एक फेरी चार तासांत होते, चार फेऱ्या सोळा तासांत. शेवटच्या फेऱ्यांत प्रश्नोत्तरं धरली तर दीड-दोन तास आणखी. शिकवायला बारा तास हाताशी राहतात आणि तेवढे पुरतात. त्यामुळे माझ्या मते २४ ही कमाल मर्यादा. वीस असतील तर उत्तम.

याला शिक्षक किती लागतील? १२०० विद्यार्थी धरले तर पन्नास तुकड्या. एका शिक्षकाकडे पाच तुकड्या, म्हणजे आठवड्याला दहा तास आणि १२० विद्यार्थी. याहून जास्त दिले तर अभिप्राय ‘छान प्रयत्न’वर येतो. एकाच सत्रात सगळे घ्यायचे तर दहा शिक्षक, दोन सत्रांत वाटले तर पाच. प्रस्तावात हा आकडा आहे का ते बघा. नसेल तर पुढे काय होणार ते आत्ताच सांगता येतं. साठ-सत्तर जणांची तुकडी, ‘संप्रेषणाचे प्रकार’, ‘संप्रेषणातील अडथळे’ यांवर टिपा लिहायच्या, आणि शेवटी एक लेखी परीक्षा. ‘प्रभावी वक्त्याचे आठ गुण लिहा’ या प्रश्नात पैकीच्या पैकी मिळवणारा विद्यार्थी तोंड न उघडता पदवीधर होतो. पोहण्याची लेखी परीक्षा घेतल्यासारखं आहे हे.

तुमची पहिली शंका बुजऱ्या मुलांविषयीची होती. त्यात तीन वेगळे गट मिसळलेले असतात आणि तिघांना एकच उपाय लावला की चुकतं.

पहिला गट सर्वांत मोठा, नेहमीच्या सभाभयाचा. हात थरथरतात, आवाज कापतो, पण चार फेऱ्यांत फरक पडतो. यांना पहिल्या फेरीच्या आधी दोन गोष्टी सांगाव्यात. एक म्हणजे, आतली धडधड आपल्याला वाटते तितकी बाहेर दिसत नाही. वक्ता स्वतःच्या घबराटीला जेवढे गुण देतो त्यापेक्षा श्रोते कमी देतात. २००३मध्ये साविट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी हे दाखवलं, आणि नुसतं हे आधी सांगितल्यानेही भाषण सुधारतं, असं त्यांना आढळलं. इतक्या स्वस्तात मिळणारा दुसरा उपाय मला माहीत नाही. दुसरी गोष्ट, ‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावत बसू नये. धडधडणाऱ्या शरीराला शांत करणं अवघड असतं, पण त्याच धडधडीला ‘उत्साह’ म्हणणं सोपं जातं. ॲलिसन वुड ब्रुक्स या संशोधिकेच्या २०१४च्या प्रयोगांत बोलण्याआधी ‘मी उत्साहात आहे’ असं म्हणणाऱ्यांची भाषणं ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. ऐकायला बालिश वाटतं. करून बघायला काही लागत नाही.

दुसरा गट, ज्यांची भीती खरोखर तीव्र आहे. बोलायच्या आदल्या आठवड्यापासून झोप उडते, त्या दिवशी ते येतच नाहीत. हे ओळखायला संप्रेषणाचे अभ्यासक जेम्स मॅक्क्रॉस्की यांची २४ विधानांची प्रश्नावली चांगली आहे. गुण २४ ते १२० यांच्या मध्ये येतात आणि ८०च्या वर गेले तर संप्रेषणाची भीती जास्त आहे असं धरतात. पहिल्या आठवड्यात सगळ्यांकडून भरून घ्या आणि निकाल फक्त शिक्षकांकडे राहू द्या. ८०च्या वरच्यांना सूट द्यायची नाही, जिना द्यायचा. पहिली फेरी फक्त शिक्षक आणि दोन निवडलेले मित्र यांच्यासमोर, बसून, दोन मिनिटं. दुसरी सहा जणांसमोर, उभं राहून. तिसरी बारा जणांसमोर. चौथी पूर्ण तुकडीसमोर, आणि तीही जमत नसेल तर बारावर थांबायचं. विषय आणि निकष इतरांसारखेच, बदल मुख्यतः श्रोत्यांच्या संख्येत. पूर्ण सूट दिली की टाळण्याच्या सवयीवर विद्यापीठाचा शिक्का बसतो. अर्थात, ज्यांचा त्रास बोलण्यापुरता नाही, एकूण जगण्यातच आड येतो आहे, त्यांच्यासाठी समुपदेशक हवा. भाषणकलेचा शिक्षक म्हणजे उपचारक नव्हे, आणि त्याने तसा आव आणू नये.

तिसरा गट तोतरं बोलणाऱ्यांचा. प्रौढांमध्ये सुमारे एक टक्का लोक तोतरं बोलतात, म्हणजे १२०० जणांत डझनभर धरून चाला. तोतरेपणा म्हणजे भित्रेपणा नव्हे. त्यांच्या गुणांत अस्खलितपणा हा निकष नको (खरं तर तो कोणाच्याच गुणांत नको), वेळेची मर्यादा सैल हवी आणि श्रोत्यांना एक शिस्त लावायला हवी: अडलेला शब्द आपण पुरा करायचा नाही आणि ‘सावकाश बोल’ असंही म्हणायचं नाही. सवलत काय हवी ते विद्यार्थ्यालाच विचारावं, एकट्यात.

इथे भाषेचा मुद्दाही घेतो, कारण त्यातून सर्वांत जास्त घोळ होतात. पहिल्या दोन फेऱ्या विद्यार्थ्याला ज्या भाषेत विचार सुचतात त्या भाषेत होऊ द्या. परक्या भाषेत बोलताना लागणारी धाप आणि लोकांसमोर बोलताना लागणारी धाप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकाच वेळी मोजल्या तर तुम्ही काय मोजलं हे तुम्हालाच कळत नाही. व्याकरणाच्या भीतीने गप्प बसलेला विद्यार्थी ‘आत्मविश्वास कमी’ या रकान्यात जातो आणि तिथेच राहतो.

आता तासात नेमकं काय व्हावं. माझ्या वर्गात पहिली फेरी बिनगुणांची असते: बोललात, झालं. विषय स्वतःच्या अभ्यासातली एक संकल्पना, ती न शिकलेल्या माणसाला समजावून सांगायची. ‘वेळेचे महत्त्व’, ‘यशाची गुरुकिल्ली’ असले विषय मी देत नाही. त्यांत बोलणाऱ्याला माहीत असलेलं आणि ऐकणाऱ्याला माहीत नसलेलं असं काही नसतं, त्यामुळे दोघंही कंटाळतात आणि भाषण उसन्या वाक्यांवर चालतं.

दुसऱ्या फेरीत तोच विषय पुन्हा, सुधारून. याला विद्यार्थी कुरकुरतात. पण चार फेऱ्यांत सर्वांत जास्त शिकणं इथे होतं, कारण मजकूर शोधण्याची कटकट संपलेली असते आणि सगळं लक्ष मांडणीवर जातं. एक उदाहरण जवळून बघू. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने ‘सरासरी आणि मध्यक’ (मध्यक म्हणजे आकडे रांगेत लावले की मधोमध येणारा) हा विषय घेतला, असं समजा. पहिल्या फेरीतली सुरुवात हमखास अशी होते: ‘आज मी आपल्यासमोर सरासरी आणि मध्यक या विषयावर दोन शब्द बोलणार आहे. सरासरी म्हणजे सर्व निरीक्षणांच्या बेरजेला निरीक्षणांच्या संख्येने भागल्यास येणारी संख्या होय.’ तीस सेकंद गेले आणि श्रोते खिडकीबाहेर बघायला लागले. व्याख्येत चूक काहीच नाही, पण प्रश्न पडण्याआधी दिलेलं उत्तर कोणाला नको असतं. दुसऱ्या फेरीत तोच विद्यार्थी असं सुरू करू शकतो: ‘एका वर्गात दहा जण आहेत. नऊ जणांना ४० गुण मिळाले, एकाला १००. वर्गाची सरासरी ४६. पण ४६ गुण त्या वर्गात एकालाही नाहीत.’ आणि इथे थांबायचं. पुरते दोन सेकंद. बोलणाऱ्याला ते दोन सेकंद दोन मिनिटांसारखे वाटतात, ऐकणाऱ्याला ते विचार करण्यापुरतेच असतात. मग मध्यक ४० येतो, आणि तो का वेगळा आला हे ऐकायला लोक आपोआप पुढे सरकतात. व्याख्या हवीच असेल तर ती त्यानंतर.

टाचण कसं असावं, यावर मी हटवादी आहे. हाताच्या पंजाएवढं एकच कार्ड, त्यावर जास्तीत जास्त पाच ओळी, प्रत्येक ओळीत चार-पाच शब्द. फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पूर्ण लिहायचं, कारण घसरायचं ते तिथेच. वरच्या उदाहरणात कार्डावर एवढंच असेल: पहिलं वाक्य, ‘४६ कोणालाच नाहीत’, ‘मध्यक ४०, रांग लावून मधला’, ‘एक टोकाचा आकडा काय करतो’, आणि शेवटचं वाक्य. पूर्ण भाषण कागदावर आणलं की ते वाचलं जातं, नजर खाली जाते, आवाज सपाट होतो. पाठ केलं तर त्याहून वाईट: एक शब्द निसटला की पुढचे तीन परिच्छेद त्याच्यासोबत जातात, कारण पाठांतर साखळीने लक्षात राहतं आणि साखळीची एक कडी तुटली की संपलं. मुद्दे लक्षात ठेवले तर वाक्य तुटलं तरी मुद्दा हाताशी असतो.

लांबीचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. श्रोत्यांना झेपेल अशा गतीने मराठीत मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात. चार मिनिटं म्हणजे साडेचारशे शब्दांच्या आत. विद्यार्थी आठ-नऊशे शब्दांचा माल घेऊन येतात आणि मग एकतर दुप्पट वेगाने धावतात किंवा ‘वेळेअभावी’ म्हणत मुख्य मुद्दाच सोडून देतात. मनातल्या मनात केलेला सराव उपयोगी नाही, तो नेहमी कमी वेळात संपतो. मोठ्याने, उभं राहून, घड्याळ लावून तीन वेळा. तीनदा तरी हवंच, दहा वेळा केलं तर पाठांतर होऊन बसतं.

वेळ दाखवायला टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्या मंडळांमध्ये हिरवा, पिवळा, लाल अशी खुणांची पद्धत आहे. तीच वापरा: तीन मिनिटांना हिरवा कागद, साडेतीनला पिवळा, चारला लाल. लाल दिसल्यावर चालू वाक्य संपवून थांबायचं. घंटी वाजवू नका. घंटीने वक्ता दचकतो आणि शेवट पडतो.

आता ती चिठ्ठी. भाषण संपल्यावर प्रत्येक श्रोत्याने एकच वाक्य लिहायचं: ‘वक्त्याचं म्हणणं काय होतं?’ आवडलं-नावडलं नाही, गुण नाहीत. सगळ्या चिठ्ठ्या वक्त्याकडे जातात. तेवीस चिठ्ठ्यांपैकी वीस जणांनी तेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं असेल तर भाषण लागलं. आठ वेगवेगळी वाक्यं आली तर शिक्षकांना काही बोलायची गरजच उरत नाही. विशेष म्हणजे यात कोणी कोणावर टीका केलेली नसते, त्यामुळे कोणी दुखावतही नाही, आणि श्रोत्यांना खरोखर ऐकावं लागतं. दुसरी कोणतीही क्लृप्ती सोडावी लागली तरी ही सोडू नये.

शिक्षकांच्या दोन मिनिटांत दोनच गोष्टी याव्यात: काय टिकवायचं आणि पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट बदलायची. सात चुका सांगितल्या तर एकही दुरुस्त होत नाही. आणि त्या पाहण्याजोग्या शब्दांत हव्यात. ‘आत्मविश्वास वाढव’ हा सल्ला नाही. ‘प्रत्येक मुद्दा संपला की थांब, कार्ड बघ, मान वर कर, मग बोल’ हा सल्ला आहे. ‘म्हणजे’, ‘तर’, ‘ॲक्चुअली’ अशा भरतीच्या शब्दांची मोजणी पहिल्या दोन फेऱ्यांत करूच नये. मोजताहेत हे कळलं की वक्ता विचार सोडून शब्दांवर पहारा देत बसतो. तिसऱ्या फेरीनंतर सांगितलं तर त्या जागी गप्प राहणं त्याला जमू लागतं, कारण शांततेची भीती तोवर गेलेली असते.

तिसऱ्या फेरीत एक ठाम विधान करून त्याची बाजू मांडायची आणि मग दोन मिनिटं प्रश्न. इथे शिकवण्यासारखं एकच: प्रश्न पूर्ण ऐका, आपल्या शब्दांत परत म्हणा, मग उत्तर द्या. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. हे वाक्य मोठ्याने, मान वर करून म्हणायचा सराव करून घ्यावा लागतो, एरवी ते कोणाच्या तोंडून निघत नाही. चौथी फेरी शक्यतो दुसऱ्या शाखेच्या तुकडीसमोर. अनोळखी श्रोत्यांपुढे आपल्याच विषयातले किती शब्द परिभाषेचे आहेत ते पहिल्यांदा कळतं.

स्लाइड पहिल्या दोन फेऱ्यांत नकोतच. पडदा आला की वक्ता त्याच्याकडे तोंड करतो आणि श्रोत्यांना पाठ दिसते. चित्रीकरणाचंही तसंच. ते उपयोगी असतं, पण वर्गासमोर दाखवू नये. विद्यार्थ्याने एकट्याने, दुसऱ्या दिवशी पाहावं: एकदा आवाज बंद करून फक्त हालचाल, एकदा न बघता फक्त आवाज. दोन्ही एकत्र पाहिलं तर लोक स्वतःच्या नाका-डोळ्यांवरच अडकतात. सत्र संपल्यावर फिती पुसून टाकायच्या, हे नियमातच लिहून ठेवा.

गुणांविषयी. शंभरात मांडणी ४०, प्रश्नांना उत्तरं २५, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येणं आणि गती २०, वेळ पाळणं १५. उच्चारांची धाटणी, बोलीतले हेल, पोशाख, ‘व्यक्तिमत्त्व’ यांना शून्य. हे रकाने आले की गुण घराकडे बघून दिले जातात, शिकण्याकडे बघून नाही. ज्यांच्या घरी प्रमाणभाषा बोलली जाते त्यांना पहिल्याच दिवशी दहा गुण जास्त मिळतात. नुसत्या सफाईला गुण देण्याचा आणखी एक तोटा आहे. काही न वाचता तोंडाच्या वाफेवर वेळ मारून नेणारे पुढे जातात. वक्तृत्वकलेवरचा हा आक्षेप प्लेटोच्या काळापासूनचा आहे आणि तो खोटा नाही. त्यावर उतारा एकच: मांडणीचे आणि प्रश्नोत्तरांचे गुण इतके जड ठेवा की पोकळ भाषण तिथेच उघडं पडेल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. ज्या शाखांत बोलणं आधीच अभ्यासात विणलेलं आहे, जसं कायद्यात अभिरूप न्यायालय (नकली खटल्यात बाजू मांडण्याचा सराव) किंवा वैद्यकशास्त्रात रुग्णाची माहिती वरिष्ठांसमोर मांडणं, तिथे वेगळा विषय लादू नका. तिथल्या शिक्षकांना अभिप्रायाची पद्धत शिकवली तरी पुरे. छोटे विभाग असतील तर स्वतंत्र विषयाऐवजी प्रत्येक वर्षी विभागातच एक-दोन भाषणं घेता येतील. यात मजकूर अस्सल असतो, पण विषयशिक्षक फक्त आशय तपासतात आणि मांडणीबद्दल अवाक्षर काढत नाहीत, असा अनुभव सार्वत्रिक आहे. शिक्षक मोजकेच असतील तर एक सत्र दुसऱ्या वर्षाला ठेवा. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याकडे स्वतःच्या विषयातलं सांगण्याजोगं फार नसतं, आणि तिसऱ्या वर्षी शिकलेलं वापरायला वेळ उरत नाही.

शिक्षक कोण, हाही प्रश्न येईल. हे काम भाषा विभागाच्या गळ्यात मारायची पद्धत आहे. पण भाषेचा उत्तम शिक्षक भाषणाचा अभिप्राय देण्यात कच्चा असू शकतो, आणि भौतिकशास्त्राचा पक्का असू शकतो. ज्याला दोन मिनिटांत एक गोष्ट नेमकी सांगता येते तो निवडा, आणि सत्राआधी सगळ्यांना मिळून एकाच भाषणाला गुण द्यायला लावा. गुणांत वीसचा फरक येईलच. तो आधी भांडून मिटवलेला बरा.

आता मतदानाचं. बैठकीत ‘सक्ती हवी की नको’ या वादात उतरू नका, त्यात दोन तास जातील. ठरावात तीन वाक्यं घालायची दुरुस्ती मांडा: तुकडी २४ पेक्षा मोठी नसेल, प्रत्येक विद्यार्थी चार वेळा बोलेल आणि पहिल्या वेळी गुण नसतील, लेखी परीक्षा नसेल. तिन्ही मान्य झाली तर बाजूने मत द्या. ‘पहिल्या वर्षापुरती तुकडी साठची ठेवू, पुढे बघू’ असं कोणी म्हणालं, तर त्यांच्यासमोर दहा तास गुणिले चार हा हिशेब ठेवा आणि विरोधात मत द्या.